२५,००० आणि २५,०००: ड्राय तत्त्वाबद्दल एक तक्रार

१ एप्रिल २०२३ पासून पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन बदल एकदम करावे लागले. महाराष्ट्राने व्यवसाय करात, म्हणजे पगारपत्रकावरच्या त्या ‘पी. टी.’त, महिलांसाठीची सूट महिना १०,००० रुपयांवरून २५,००० वर नेली. कर्नाटकाने सरसकट सगळ्यांचीच मर्यादा १५,००० वरून २५,००० केली. राज्यं दोन, आकडा एक, तारीख एक. मर्यादा ओलांडली की कापायची रक्कमही दोन्हीकडे तीच, महिना २०० रुपये.

असं काही समोर आलं की प्रोग्रॅमरचा हात आपोआप शिवशिवतो. दोन ठिकाणी तोच कोड? छे, एकत्र करा. डोन्ट रिपीट युवरसेल्फ, म्हणजे तेच पुन्हा लिहू नका; थोडक्यात ड्राय. कॉलेजात, मुलाखतीत, सहकारी कोड तपासतात त्या कोड रिव्ह्यूमध्ये हे तत्त्व इतक्या वेळा कानावर पडलेलं असतं की ‘हे ड्राय नाही’ एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसतो. पुढे वाद घालायची सोयच राहत नाही. माझी तक्रार याच गप्प बसण्याबद्दल आहे.

आधी एकत्र करून बघू. पहिली पायरी अगदी निरागस दिसते:

व्यवसाय_कर(पगार, मर्यादा):
    जर पगार > मर्यादा तर २००
    नाहीतर ०

महाराष्ट्रातल्या महिलांसाठी मर्यादा २५,०००, कर्नाटकासाठी २५,०००, गुजरातसाठी १२,०००. तीन राज्यं तीन ओळींत बसली, सगळे खूश. आता कर्नाटकाचं परिशिष्ट नीट वाचा. तिथे कर ‘२५,००० आणि त्याहून जास्त’ पगारावर आहे. महाराष्ट्रात सूट २५,००० ‘पर्यंत’ आहे, म्हणजे कर २५,००० च्या वर सुरू होतो. पगार बरोबर २५,००० असेल तर बंगळुरूत २०० कापायचे आणि पुण्यातल्या बाईंचा एक रुपयाही कापायचा नाही. हा कोपऱ्यातला दुर्मीळ प्रसंग नव्हे. नेमणूकपत्रात पगार गोल आकड्यांतच लिहितात, २५,००० तर हमखास. वरच्या फंक्शनने कर्नाटकातल्या नेमक्या त्याच माणसांचा कर कापला जाणार नाही, आणि कमी कापलेल्या कराचं उत्तर मालकाला द्यावं लागतं.

मग एक फ्लॅग येतो: मर्यादेसह, हो किंवा नाही.

पुढे फेब्रुवारी. महाराष्ट्रात वरच्या टप्प्याला अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. कर्नाटकात २०२३ साली बाराही महिने २०० च होते. दुसरा फ्लॅग: फेब्रुवारी_जादा. महाराष्ट्रात पुरुषांना वेगळे टप्पे आहेत, ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २००. म्हणून लिंग आलं. पश्चिम बंगालमध्ये ११०, १३०, १५०, २०० अशी चढण आहे, म्हणून टप्प्यांची यादी आली. तामिळनाडूत हा कर स्थानिक संस्था घेतात आणि तोही सहामाही, म्हणून आणखी एक फ्लॅग. वर्षभरात त्या तीन ओळींच्या फंक्शनची सही, म्हणजे त्याचं नाव आणि त्याला पुरवायच्या गोष्टींची यादी, अशी दिसते:

व्यवसाय_कर(पगार, महिना, मर्यादा, मर्यादेसह=नाही, फेब्रुवारी_जादा=नाही, लिंग=रिकामं, सहामाही=नाही, टप्पे=रिकामे)

हो-नाहीचे तीन फ्लॅग, लिंग दोन प्रकारचं, टप्पे आहेत किंवा नाहीत. गुणाकार केला तर ३२ वाटा होतात. खऱ्या आयुष्यात त्यांतल्या सहा-सात वापरात असतात. बाकीच्या पंचवीसेक वाटांवर कोणी चालत नाही, पण कोड वाचणाऱ्याला ते कुठे माहीत? ‘सहामाही=हो आणि फेब्रुवारी_जादा=हो’ असं आलं तर काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच कायद्यात नाही. तो आपण जन्माला घातला.

मग १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकानेही फेब्रुवारीत ३०० केले. आता फ्लॅग बदलून भागेल असं वाटतं. भागत नाही. फेब्रुवारी २०२५ चं पगारपत्रक कुठल्याशा दुरुस्तीसाठी पुन्हा काढायचं झालं तर तिथे २०० च हवेत. ३०० चा पहिला फेब्रुवारी २०२६ चा. म्हणजे आता तारीखही आत आली. ती आत आणताना ज्या फंक्शनला हात लावला, त्याच्यावर महाराष्ट्र, गुजरात, बंगाल आणि तामिळनाडूही उभे आहेत. बदल कर्नाटकाचा, टेस्टिंग पाचांचं.

गंमत अशी की २०२५ नंतर महाराष्ट्रातल्या महिला आणि कर्नाटक हे दोन नियम पुन्हा जवळजवळ हुबेहूब दिसतात. नवा माणूस आला तर पुन्हा एकत्र करायला निघेल.

हे सारखेपण आलं कुठून ते बघण्यासारखं आहे. महाराष्ट्राचा व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, कर्नाटकाचा १९७६ चा. दोन विधिमंडळं, दोन अर्थसंकल्प. मर्यादा २५,००० ठेवायची की उद्या ३०,००० करायची, हे मुंबईत ठरताना बंगळुरूला कोणी विचारत नाही. तेव्हा हे दोन २५,००० म्हणजे निव्वळ योगायोग आहे. पण २०० आणि ३०० चं तसं नाही. ११ गुणिले २०० अधिक ३०० करा, बरोबर २,५०० येतात. संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये या करावर माणशी वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून वाढवली. राज्यांना कमालीपर्यंत जायचं असतं, २,५०० ला १२ ने भाग जात नाही, म्हणून कोणत्या तरी एका महिन्यात शंभर जास्त.

म्हणजे या सगळ्या पसाऱ्यात खरोखर सामाईक असलेली गोष्ट एकच, ती २,५०० ची कमाल मर्यादा. ती एकाच ठिकाणी लिहा, अगदी जरूर लिहा, कारण ती बदलली तर सगळ्या राज्यांसाठी एकदम बदलेल. आणि मजा म्हणजे त्या एकत्र केलेल्या फंक्शनमध्ये नेमका हाच आकडा कुठेही नाही.

ड्रायचं मूळ वाक्य काढून बघितलं तर तेही हेच सांगतं. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’मध्ये हे तत्त्व मांडलं. त्यात विषय ज्ञानाचा आहे: ज्ञानाच्या प्रत्येक तुकड्याचं प्रणालीत एकच, निःसंदिग्ध आणि अधिकृत रूप असावं. ओळींचा उल्लेख नाही, कॉपी-पेस्टचाही नाही. २०१९ च्या नव्या आवृत्तीत तर त्यांना मुद्दाम खुलासा करावा लागला की कोडच्या सारख्या ओळी म्हणजे पुनरुक्ती असं नाही. पण घोषवाक्य तीन अक्षरांचं आणि खुलासा पानभर, त्यामुळे लोकांच्या लक्षात काय राहिलं ते उघड आहे.

म्हणून रिव्ह्यूत ‘हे सारखं दिसतंय’ असा शेरा आला की मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: ही ओळ बदलायचा अधिकार कोणाचा? दोन्ही ओळी एकाच माणसाच्या, एकाच खात्याच्या, एकाच कायद्याच्या निर्णयाने बदलणार असतील तर त्या एक आहेत. मालक वेगळे असतील तर अक्षर न् अक्षर जुळलं तरी त्या दोन आहेत. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या रिफॅक्टरिंगवरच्या, म्हणजे चालू कोडची रचना सुधारण्यावरच्या, पुस्तकात डॉन रॉबर्ट्स यांच्या नावावर दिलेला तीनचा नियम आहे: दुसऱ्यांदा तेच लिहिताना नाक मुरडा पण लिहा, तिसऱ्यांदा आलं तर एकत्र करा. नियम कामाचा आहे, घाई टाळतो. पण नुसतं मोजून भागत नाही. वर कर्नाटक, गुजरात आणि महाराष्ट्र मिळून तीन झालेच होते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख कॉपी-पेस्टचं समर्थन वाटेल. खरी पुनरुक्ती बहुतेक वेळा सारखी दिसतच नाही. महाराष्ट्राचा फेब्रुवारीचा ३०० हा आकडा पगार काढणाऱ्या कोडमध्ये असतो. रात्रीच्या अहवालाच्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, एका ‘केस’च्या अटीत असतो. पगारपत्रकाच्या स्क्रीनवर, आधीच अंदाज दाखवायचा म्हणून, जावास्क्रिप्टमध्ये असतो. शिवाय कुणाच्या तरी एक्सेलमध्ये असतोच. चार भाषा, चार रूपं, ज्ञान एक. दर बदलला की यांतलं एक हमखास सुटतं, आणि मग चलनाचा आकडा व पगारातून कापलेला आकडा जुळत नाही. ड्रायची गरज इथे आहे: स्क्रीनने आणि अहवालाने दर स्वतः काढू नये, पगाराच्या कोडने काढलेली आणि साठवलेली रक्कम वाचावी.

आता पुनरुक्ती शोधणारी साधनं यांतलं काय पकडतात? सोनारक्यूब जावामध्ये सलग दहा विधानं सारखी दिसली की पुनरुक्ती धरतो. इतर बहुतेक भाषांत सलग १०० टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं), निदान दहा ओळींत पसरलेले. एसक्यूएलमधला ३०० आणि जावास्क्रिप्टमधला ३०० त्याला एक वाटायचं कारणच नाही. पण राज्यांच्या दोन लांबलचक फाइली शेजारी ठेवल्या तर तो लगेच लाल करील. त्याच्या मूळच्या क्वालिटी गेटमध्ये, म्हणजे कोड पुढे जाऊ देण्याच्या अटींत, नव्या कोडात ३ टक्क्यांहून जास्त पुनरुक्त ओळी चालत नाहीत. संध्याकाळी सहाला बिल्ड लाल, उद्या रिलीज. मग माणूस विचार न करता दोन फंक्शनं एकत्र करतो आणि गेट हिरवं होतं. असल्या दर-नियमांचं फोल्डर पुनरुक्तीच्या तपासणीतून वगळायची सोय त्याच साधनात आहे. ती वापरा, आणि का वगळलं ते शेजारी एका ओळीत लिहून ठेवा.

‘मग सगळं टेबलमध्ये टाका की’ असं कोणीतरी म्हणेलच. राज्य, लागू तारीख, पासून, पर्यंत, रक्कम. दरांसाठी हे चांगलंच आहे. बंगालचे टप्पे टेबलमध्ये शोभतात. मात्र टेबल फक्त आकड्यांचं राहू द्या. त्यात ‘लिंग’, मग ‘महिना अपवाद’, मग ‘तुलना चिन्ह’ आणि शेवटी ‘सूत्र’ असे रकाने यायला लागले की तुम्ही डेटाबेसमध्ये एक नवी प्रोग्रॅमिंग भाषा रचायला बसलात असं समजा, आणि तिला ना डीबगर आहे ना टेस्ट. माझा अंदाज: चौथा अपवादाचा रकाना आला की थांबा, त्या राज्याचा नियम कोडमध्ये लिहा, आकडे तेवढे टेबलमधून घ्या.

आधीच एकत्र करून बसला असाल तर उलगडायचं कसं? प्रोग्रॅमर आणि लेखिका सँडी मेट्झ यांनी २०१६ मध्ये चुकीच्या अमूर्तीकरणाबद्दल, म्हणजे असल्याच चुकीच्या एकत्रीकरणाबद्दल, लिहिताना याची रीत सांगितली आहे: आधी पुनरुक्ती परत आणा, मग जे नको ते कापा. पी. टी.च्या बाबतीत ते असं होतं.

कोडला हात लावायच्या आधी आजचं उत्तर गोठवून ठेवायचं, बरोबर असो की चूक. महाराष्ट्रासाठी पगार ७,५००, ७,५०१, १०,०००, १०,००१, २५,००० आणि २५,००१, लिंग दोन, महिने दोन, फेब्रुवारी आणि दुसरा कुठलाही. झाल्या २४ टेस्ट. कर्नाटकाला २४,९९९ आणि २५,०००, पण २०२५ च्या आधीचा फेब्रुवारी, नंतरचा फेब्रुवारी आणि एक साधा महिना, म्हणून सहा. २४,९९९.६० अशी एक पैशातली रक्कमही घाला. रुपयांत गोल करून मग तुलना केली तर ती २५,००० होते आणि कर लागतो. आधी तुलना केली तर लागत नाही. तुमचा कोड आज यांतलं काय करतो हे ही टेस्ट लिहीपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं.

मग सामाईक फंक्शनचं संपूर्ण पोट, एकही ओळ न बदलता, ते वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी चिकटवायचं. ही कमिट, म्हणजे बदलाची ही नोंद, विद्रूप दिसते, दिसू द्या. टेस्ट हिरव्या असल्या की पुढे. आता प्रत्येक प्रतीत त्या राज्याच्या फ्लॅगची किंमत घाला आणि मेलेल्या फांद्या तोडा. कर्नाटकाच्या प्रतीत लिंग कधीच वापरलं जात नाही, गेलं. टप्पे रिकामे, गेले. सहामाही नाही, गेलं. शेवटी उरतं ते असं (२०२३ च्या आधीचे दर इथे सोडले आहेत):

महाराष्ट्र_कर(पगार, लिंग, महिना):
    जर लिंग = स्त्री आणि पगार <= २५,००० तर ०
    जर पगार <= ७,५०० तर ०
    जर पगार <= १०,००० तर १७५
    जर महिना = फेब्रुवारी तर ३००
    नाहीतर २००

कर्नाटक_कर(पगार, तारीख):
    जर पगार < २५,००० तर ०
    जर तारीख >= १ एप्रिल २०२५ आणि महिना = फेब्रुवारी तर ३००
    नाहीतर २००

शेवटच्या दोन ओळी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच. असू देत. कायद्याचा कागद शेजारी ठेवून लेखा विभागातला माणूसही हे वाचू शकतो, आणि ‘<=’ व ‘<’ यांतला फरक आता फ्लॅगमागे लपलेला नाही.

उलगडताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे वाटेत सापडलेली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायचा मोह. ते २५,००० चं प्रकरण उलगडतानाच दिसेल; ते तसंच ठेवा आणि उलगडून झाल्यावर वेगळ्या कमिटमध्ये, टेस्टमधला आकडा बदलून, दुरुस्त करा. नाहीतर रक्कम नेमकी कशामुळे बदलली हे सहा महिन्यांनी लेखापरीक्षणात सांगता येत नाही. दुसरं म्हणजे कोणीच वापरत नाही असं समजून सामाईक फंक्शन घाईने पुसणं. नाव शोधून सगळे वापर सापडतातच असं नाही. कॉन्फिगरेशनमध्ये नाव अक्षरांत लिहून बोलावणारे, रात्रीचे जॉब, वर्षातून एकदाच चालणारे अहवाल राहतात. पुसण्याआधी त्यात एक लॉगची ओळ घाला आणि निदान एक मार्चअखेर जाऊ द्या.

प्रती ठेवल्या की एकीत दुरुस्ती आणि दुसरीत विसर, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय आहेत. राज्यांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे एक उघडणाऱ्याला दुसरी दिसेल. आणि जे खरोखर सामाईक आहे त्यावर एक टेस्ट लिहा: प्रत्येक राज्यासाठी, दहा हजार ते दोन लाखांपर्यंतच्या पगारांना, एप्रिल ते मार्च बारा महिन्यांची बेरीज २,५०० च्या वर जाता कामा नये. उद्या कोणी घाईत फेब्रुवारीचा ३०० बाराही महिन्यांना लावला तर बेरीज ३,६०० होऊन टेस्ट पडेल.

गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत याचं छान उदाहरण आहे. एखादं अक्षर छापण्याजोगं आहे का, हे सांगणारं काम युनिकोड पॅकेजमध्ये आहे. स्ट्रकॉन्व्ह या छोट्या पॅकेजला तेवढंच हवं होतं. त्यासाठी युनिकोडची मोठाली टेबलं ओढून आणण्याऐवजी त्यांनी स्वतःची आटोपशीर प्रत ठेवली, आणि दोन्हींची उत्तरं जुळतात का हे तपासणारी टेस्ट लिहिली. थोडी नक्कल परवडली, थोडं अवलंबन नको, असं गोच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या रॉब पाइक यांचं म्हणणं आहे, त्याचंच हे उदाहरण. नक्कल केली तर ती टेस्टने बांधून ठेवा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

टेस्टच्या कोडात तर ड्राय अजिबात नको. अपेक्षित रक्कम म्हणून कोडमधलाच स्थिरांक टेस्टमध्ये आयात करणारे पाहिले की कपाळाला हात लावावासा वाटतो. स्थिरांकात कोणी ३०० च्या जागी ३००० टाइप केलं तर कोड ३००० देणार, टेस्ट ३००० अपेक्षणार, आणि सगळं हिरवंगार. टेस्टमध्ये ३०० हाताने लिहा. २,५०० सुद्धा. इथे आकडा दोनदा लिहिणं हाच टेस्टचा उद्देश असतो. हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजूंना रक्कम लिहितात ती काय हौस म्हणून?

सेवांमधून, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून, वाटलेल्या ‘कॉमन’ लायब्ररीबद्दल थोडक्यात. घरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते तसं तिचं होतं. कशालाही उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं. पगार, रजा आणि प्रवासभत्ता या तीन सेवा वेगळ्या केल्या कशासाठी, तर वेगवेगळ्या वेळी डिप्लॉय करता याव्यात म्हणून. तिघींनी एकाच लायब्ररीतून कराचे नियम घेतले की एका राज्याच्या बदलासाठी तिघींची आवृत्ती वाढवायची आणि तिन्ही एकाच रात्री चढवायच्या. तारखा, रकमांची छपाई असलं न बदलणारं सामान लायब्ररीत ठेवायला हरकत नाही. कायदे मात्र ज्या सेवेचे आहेत तिच्यातच.

राहिला गोव्याचा प्रश्न, कारण तो नेहमी येतो. गोव्यात हा कर नाही. एकत्र केलेल्या फंक्शनमध्ये लोक मर्यादा ९९,९९,९९९ अशी काहीतरी टाकून वेळ निभावतात. उत्तर शून्य येतं खरं, पण मग पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर ०.००’ अशी ओळ छापली जाते आणि महिन्याच्या शेवटी शून्य रुपयांचं चलन तयार होतं. कर शून्य असणं आणि करच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातल्या २०,००० पगाराच्या बाईंचा कर शून्य, तरी त्या मालकाच्या विवरणपत्रात मोजल्या जातात. पणजीतल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत विवरणपत्रच नाही. तेव्हा गोव्याची फाइल करूच नका. राज्याच्या यादीत नाव सापडलं नाही तर ती ओळच छापू नये, एवढं पगारपत्रकाला सांगा. मात्र नाव सापडलं नाही याचं कारण टायपिंगची चूकही असू शकतं, म्हणून कर नसलेल्या राज्यांची यादी वेगळी ठेवा, आणि दोन्ही याद्यांत नसलेलं नाव आलं तर पगार तिथेच थांबवा.